समाधीपेटी आणि चार वाजताचा चहा

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या, मग सतरंज्या संपल्या, मग लोक एकमेकांच्या पायांवर उभे राहिले. फक्त पूर्वेकडची एक खिडकी शिष्यांनी मोकळी ठेवली होती. तिच्यातून सकाळचं ऊन थेट व्यासपीठावर येत होतं आणि त्या उन्हात श्वासबाबा हात पसरून बसले होते.

त्यांच्या तळहातावर एक गांधीलमाशी पडली होती. पाय पोटाशी ओढलेले, मिशा खाली पडलेल्या. निपचित.

“बघून घ्या,” बाबा म्हणाले. “मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्यावरून बघा. उद्या म्हणू नका, नीट दिसलं नाही. विज्ञान म्हणतं, गेलं ते गेलं! का म्हणतं? कारण विज्ञानाला मोजता येतं, फुंकता येत नाही!”

लोक हसले. बाबांनी हसू ओसरू दिलं.

“श्वास म्हणजे काय? आत घेतला तर आपला. बाहेर सोडला तर वाऱ्याचा. आणि आम्ही सोडला तर?”

“जीव!” शिष्य एका सुरात ओरडले.

बाबांनी मूठ हलकेच मिटली, तोंडाशी नेली आणि फुंकर घातली. मग आपल्या गुरूंची गोष्ट सांगितली. पुन्हा फुंकर. मग गुरूंच्या गुरूंची गोष्ट. गुरूंची परंपरा लांबलचक होती आणि बाबांना घाई नव्हती. पाचेक मिनिटांनी त्यांनी मूठ उघडली. माशीची एक मिशी हलली. एक पाय ताणला गेला. पंखांची थरथर झाली आणि बघता बघता ती उठून खिडकीतल्या उजेडाकडे उडून गेली.

सभागृहाने एकदम श्वास घेतला. कुणीतरी हुंदका दिला. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसलेल्या बाईंनी मात्र मांडीवरची रिकामी पिशवी घट्ट धरली, कारण ती माशी त्यांनी आणली होती.

त्यांना सगळी वस्ती सिस्टर म्हणायची. एकतीस वर्षं त्यांनी मुलांना लसी टोचल्या होत्या. वस्तीतल्या निम्म्या दंडांवर त्यांची खूण होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण हाताच्या सवयी तशाच राहिल्या. म्हणूनच घरातून निघताना त्यांनी मेलेली माशी कागदाच्या पुडीत बांधली आणि पुडीवर तारीख, वेळ आणि ‘डावा पंख तुटलेला’ असं लिहिलं. पुडी शिष्याने घेतली, मखमली कापडाने झाकलेल्या एका पेटीत ठेवली (तिला ते लोक समाधीपेटी म्हणत) आणि थोड्या वेळाने कापडाखाली हात घालून माशी बाहेर काढली. उडून गेली तेव्हा तिचे दोन्ही पंख धड होते.

सिस्टरना ते दिसलं. एकतीस वर्षं सुईच्या टोकावर नजर ठेवणाऱ्या बाईला ते न दिसून कसं चालेल? पण त्यांच्या मनात आलं ते असं: बाबांनी पंखसुद्धा जोडून दिला.

माणसाला एखादी गोष्ट हवीच असली की त्याचे डोळेही त्याच्या बाजूने साक्ष देतात.

सिस्टरना काय हवं होतं, ते सांगायला हवं. आठ महिन्यांपूर्वी, ऐन थंडीत, त्यांचे यजमान गेले. ते नगररचनेच्या कचेरीत आरेखक होते. निवृत्तीनंतरही आपल्या खोलीत आरेखनाच्या उतरत्या फळ्याशी बसून ते कुणाकुणाच्या घरांचे नकाशे काढून देत. सिस्टरशी दिवसभरात दहा-बारा वाक्यं बोलत. रोज चार वाजता फळ्याशेजारच्या वेताच्या खुर्चीत बसून, तीन चमचे साखर घातलेला चहा पीत आणि म्हणत, “आज जरा बरा झालाय.” रोज म्हणत.

ते गेले तरी सिस्टरच्या हातून दोन कप ओतले जात राहिले. पहिल्यांदा चुकून. मग चूक लक्षात आली तरी दुसरा कप ओतून टाकवेना. म्हणून त्या तो खुर्चीसमोरच्या स्टुलावर ठेवत आणि तासाभराने उचलून आणत.

थंडी सरली तेव्हा एके दिवशी त्या स्टुलावर एक गांधीलमाशी आली. बरोबर चार वाजता. दुसऱ्या दिवशी दोन. महिनाभरात खोलीच्या कोपऱ्यात, फळ्याच्या वर, मुठीएवढं राखाडी पोळं लोंबू लागलं. एकोणीस वर्षांत या घरात कधी गांधीलमाशी शिरली नव्हती.

“अहो सिस्टर, लक्षात येत नाही का तुमच्या?” वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या. यांना सगळे पाठीमागे ‘बिनतारी’ म्हणत, कारण बातमी यांच्याकडून तारेशिवाय जाई. “त्यांची खोली, त्यांची खुर्ची, त्यांची वेळ. आता आणखी काय, माशीने नाव सांगावं?”

सिस्टरनी हसण्यावारी नेलं. पण त्या संध्याकाळी त्यांनी खोलीचं दार लावून हळूच विचारलं, “आज कसा झालाय?”

माशी कपाच्या काठावर फिरत राहिली.

तेव्हापासून त्या तिथेच निजू लागल्या. आणि इथे एक गोष्ट होती जी बिनतारीलाही ठाऊक नव्हती. सहा वर्षांपूर्वी एका शाळेच्या आवारात लसी देताना सिस्टरना गांधीलमाशी चावली होती. पाच मिनिटांत घसा बंद झाला, ओठ निळे पडले. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन वाचवलं आणि बजावलं, “पुन्हा चावली तर कदाचित इतका वेळही मिळणार नाही.” तेव्हापासून ते इंजेक्शन त्यांच्या उशाशी असे. परगावची मुलगी दर गुरुवारी फोनवर विचारी, “आई, इंजेक्शन जवळ आहे ना?”

“आहे गं.”

नव्हतं. बाबांनी सांगितल्यावर ते कपाटात गेलं होतं. सभा संपल्यावर बिनतारीला घेऊन सिस्टर बाबांना भेटल्या होत्या आणि सगळं खरं सांगितलं होतं, चावण्याचंसुद्धा. बाबा मोठ्याने हसले होते.

“सिस्टर, नवरा बायकोला डंख मारतो का?”

“आमचा तर बोलून बोलून मारतो,” बिनतारी पुटपुटली.

“संशय हाच डंख!” बाबा म्हणाले. “पुढच्या रविवारी चार वाजता आम्ही स्वतः घरी येऊ. तुम्ही पोळ्यावर हात ठेवायचा. उघडा हात. ते तुमचा हात हातात घेतील.”

त्या रात्री सिस्टरना आठ महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी एक साधी गोष्ट घडली. उष्टा चहा फेकायचा नाही, असं बाबांचं सांगणं होतं, म्हणून सिस्टर तो कप बशीने झाकून फ्रीजमध्ये ठेवत. बुधवारी सकाळी त्यांनी बशी उचलली. कपाच्या आतल्या बाजूला, चहाच्या वर, एक माशी चिकटून मेली होती. आदल्या संध्याकाळी ती आत होती आणि त्यांनी वरून बशी ठेवली होती.

त्यांनी ती चिमट्याने उचलली, कापसावर ठेवली, कापूस खिडकीतल्या उन्हात ठेवला आणि शिष्याला फोन लावला.

“माझ्या हातून गेली हो. आत्ता येऊ का?”

“रविवारी बघू,” शिष्य जांभई देत म्हणाला. “तोवर पुडीत बांधून ठेवा.”

“रविवारपर्यंत नाही धीर धरवणार. बाबांना विचारा ना, तुम्ही एकदा…”

पुढचं वाक्य राहून गेलं. कापसावर एक मिशी हलली होती.

मग एक पाय. मग पंख. सिस्टरनी फोन खाली ठेवला, आणि माशी काचेवर जाऊन गुणगुणू लागली. पहिला क्षण निव्वळ आनंदाचा होता, ते खोटं कशाला सांगा. आले! माझ्यासाठी आले, बाबांशिवाय आले!

दुसऱ्या क्षणी त्यांची नजर कपाकडे गेली. कपाला बाहेरून पाण्याचे थेंब आले होते. गार कपाला येतात तसे.

खोलीत कुणी फुंकर घातली नव्हती. कुणाच्या गुरूची गोष्ट झाली नव्हती. फ्रीज होता आणि ऊन होतं.

सिस्टरनी कपाला बोट लावून पाहिलं. मग त्यांनी कपाटातून तापमापक काढला, लसीकरणाच्या जुन्या नोंदवहीचं कोरं पान उघडलं आणि घड्याळ समोर ठेवलं. कपाट उघडलंच होतं, तर इंजेक्शनही काढून खिशात ठेवलं.

त्या दिवशी त्यांनी पेल्याखाली तीन माश्या पकडल्या, लांब चिमटा आणि जाड हातमोजे वापरून. चार अंशांत तासभर ठेवल्या. तिन्ही मेल्यासारख्या. उन्हात ठेवल्या. पहिली पाच मिनिटांत उठली, दुसरी सहा, तिसरी साडेपाच. खिडकीच्या कठड्यावर खरोखर मेलेली एक वाळकी माशी होती. तीही शेजारीच ठेवली. ती दुपारी तिथेच होती, संध्याकाळी तिथेच होती. सिस्टरनी तिच्यावर फुंकरही घालून पाहिली. एकदा नव्हे, चारदा. कुणी पाहत नव्हतं.

गुरुवारचा प्रयोग सगळ्यांत अवघड होता. चार वाजता त्यांनी नेहमीसारखा दुसरा कप खुर्चीसमोर ठेवला. फक्त साखर घातली नाही. आणि समोर बसल्या.

साडेचार झाले. पाच झाले. माश्या वर पोळ्याशी होत्या, काचेशी होत्या. कपाकडे एकही फिरकली नाही.

नोंदवहीत त्यांनी लिहिलं: ‘बिनसाखर. आले नाहीत.’ मग ‘आले’ खोडून ‘आल्या’ केलं आणि वही मिटून घेतली. त्या रात्री फोनवर मुलगी म्हणाली, “आई, आवाज का असा येतोय?”

“सर्दी आहे गं.”

“मी येऊ का?”

“सर्दीसाठी कुणी येतं का?” सिस्टर म्हणाल्या. पण नेहमीसारखा फोन लगेच ठेवला नाही.

रविवारी जिन्यापासून माणसं उभी होती. बाबा आले, मागून मखमली पेटी आली. सिस्टरनी आतल्या खोलीचं दार बंद ठेवलं होतं.

“आत चला,” बाबा म्हणाले. “ते वाट बघतायत.”

“आधी इथे दहा मिनिटं बसा,” सिस्टर म्हणाल्या. लस टोचण्याआधी आईला सांगावं त्या आवाजात. बाबा बसले.

बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर यजमानांचा आरेखनाचा दिवा जळत होता. त्याच्याशेजारी निळी, घासून पांढुरकी झालेली एक पेटी होती. सिस्टरनी तिच्यातून एक काचेची कुपी काढली, कुपीतली निपचित माशी कापसावर ठेवली, कापूस दिव्याखाली सरकवला आणि वर पेला पालथा घातला.

“ही मेलेली आहे का, बघा,” त्या बिनतारीला म्हणाल्या.

“मेलीये की. कधीच.”

“मग मंत्र म्हणा.”

“मला कुठला मंत्र येतोय?”

“जे येतं ते म्हणा.”

बिनतारीने घसा खाकरला. “काय म्हणू… त्या मेल्या लॉन्ड्रीवाल्याने माझी नवी चादर जाळली. वर म्हणतो, काकू, आधीपासूनच भोक होतं! मी म्हटलं, भोक तुझ्या अकलेला…” आणि तिचा जो पट्टा सुटला, त्यात लॉन्ड्रीवाल्याचा बाप आला, भाऊ आला, दुकानाची पाटीही आली. लोक आधी बुचकळ्यात पडले, मग हसू लागले. सिस्टर घड्याळाकडे बघत होत्या. लॉन्ड्रीवाल्याच्या आजोबांपर्यंत गाडी आली आणि पेल्याखालच्या माशीने मिशी हलवली. मग पाय ताणला. मग पेल्यावर धडका मारू लागली.

हसू थांबलं.

“अगंबाई,” बिनतारी म्हणाली. “मी केलं हे?”

“पाच मिनिटं, वीस सेकंद,” सिस्टर म्हणाल्या. “तुम्ही नाही केलं. दिव्याने केलं. गारठ्यात ही माशी हालचाल बंद करते, मेल्यासारखी पडते. ऊब मिळाली की उठते. बाबांना गुरूंच्या इतक्या गोष्टी का सांगाव्या लागतात, त्याचं कारण एवढंच. आणि उठल्या उठल्या ती सुस्त असते, उजेडाकडे पळते. म्हणून चावत नाही. म्हणून खिडकी मोकळी लागते.”

बाबा उठले. “ताई, श्रद्धेची परीक्षा घेऊ नये.”

“मी परीक्षा नाही घेतली. तापमान घेतलं.”

त्या शिष्याकडे वळल्या. त्याने पेटी छातीशी धरली होती.

“डावी कडी आधी दाबायची, मग उजवी,” सिस्टर म्हणाल्या. “नाहीतर झाकण अडकतं. एकतीस वर्षं अशीच पेटी मी या खांद्यावर वाहिली, ही टेबलावरची. लस गार ठेवायची पेटी आहे ती. वरून मखमल घातलीत, तर मी माझी पेटी ओळखली नाही. चूक माझीच.”

कड्या बिनतारीनेच दाबल्या. झाकण उघडलं. आत चार बाजूंना बर्फाच्या चपट्या पिशव्या, मधे औषधाच्या रिकाम्या बाटल्या, बाटल्यांत निजलेल्या गांधीलमाश्या. मखमलीच्या आतल्या खिशात कागदाच्या पुड्या कोंबलेल्या होत्या, आठ-दहा. लोकांनी विश्वासाने दिलेल्या. टाकून द्यायचा कंटाळा केलेल्या.

एका पुडीवर ओळखीचं अक्षर होतं. तारीख, वेळ, डावा पंख तुटलेला.

सिस्टरनी ती उघडली. माशी तशीच होती. एक पंख नसलेली, वाळलेली. मेलेली होती ती मेलेलीच होती.

गडबडीत बाबा जिन्याच्या किती पायऱ्या चुकले, ते बिनतारीने पुढे महिनाभर सांगितलं. पण त्या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक उंच माणूस पेटीतल्या पुड्या एकेक उलटून बघत होता. “माझ्या आईच्या नावाची पुडी यात असेल,” तो म्हणाला. त्याला ती सापडली. मुठीत घेऊन, सिस्टरकडे न बघता तो म्हणाला, “तुम्हाला काय मिळालं हो हे करून?”

आणि तो जिना उतरला. घर रिकामं झालं. त्यांनी सतरंजी झटकली, दिवा विझवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे माश्यांची पोळी काढणारा माणूस आला. जाळीची टोपी, जाड झगा, कोपरापर्यंत हातमोजे.

“इतक्या सकाळी का, विचारणार नाही?” तो म्हणाला. “गारठ्यात यांना उठवत नाही.”

“माहीत आहे,” सिस्टर दाराबाहेरून म्हणाल्या.

पोळं पिशवीत गेलं. त्याने दाराच्या काचेतून दाखवलं. “या सगळ्या बायका आहेत, बरं का. कामाला जुंपलेल्या सगळ्या माद्याच.”

सिस्टरना हसू आलं. आमचे हे, आणि चाळीस बायकांच्या घरात! ऐकून घाबरले असते.

“आल्या कुठून ते बघा,” त्याने हाक मारली. आता आत जायला हरकत नव्हती. खिडकीच्या चौकटीवर, भिंत आणि लाकूड यांच्या मधे बोटभर फट होती. “जुनी फट आहे. कुणीतरी दरवर्षी पुट्टी भरत होतं. थर बघा, सात-आठ तरी आहेत. दर थंडीत ही वाळून सुटते, दर थंडीअखेरीस कुणीतरी पुन्हा भरली. फक्त यंदाचा थर नाही.”

सिस्टर खुर्चीवर चढल्या. उरलेल्या पुट्टीचा काठ पट्टी लावून कापावा तसा सरळ होता. असा काठ घरात एकच माणूस कापायचा. एकोणीस वर्षांत त्याने हे कधी सांगितलं नव्हतं. दहा-बारा वाक्यांत ते बसलं नसावं.

म्हणजे माश्या आल्या त्या यजमान परत आले म्हणून नव्हे. ते नाहीत, म्हणून आल्या.

हे कळल्यावर सिस्टर खुर्चीवरच बसल्या आणि आठ महिन्यांचं रडू रडल्या. पोळी काढणारा भला माणूस होता. तो हातमोजे काढत राहिला, बराच वेळ.

दुपारी त्यांनी पुट्टी आणून फट भरली. काठ काही सरळ आला नाही.

आता वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं. घरात गांधीलमाशी शिरली तर ती कुठल्या फटीतून आली ते बघा आणि गोड उघडं ठेवू नका. पोळं काढायचं तर जाणत्याला बोलवा, स्वतः हात घालू नका. कुणी मेलेलं जिवंत करून दाखवलं, तर नमस्कार करण्याआधी त्याच्या पेटीला हात लावून बघा, गार लागते का. विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. मोजायला घड्याळ पुरतं.

आणि सिस्टर काही अडाणी नव्हत्या, हेही विसरू नका. त्या एकट्या होत्या. त्या सोमवारी चार वाजता त्यांच्या हातून पुन्हा दोन कप ओतले गेले. दुसऱ्याकडे त्या बघत बसल्या असतानाच दार वाजलं. बिनतारी उभी होती, निमित्ताला जळकी चादर घेऊन.

“हे भोक बघा, सिस्टर, आणि तुम्हीच न्याय करा,” म्हणत ती आत आली, कप उचलला, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “बाई गं! साखर आहे की साखरेत चहा?”

तुमच्या जिन्यावरही कुणीतरी दोन कप ओतत असेल. एखादा बाबा पोचण्याआधी तुम्ही जा, आणि तो दुसरा कप प्या.